काका, ड्रायव्हरचा इश्यू आहे

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली. तारीख ठरवताना त्यांनी बुधवार पेठेत कोणाला विचारलं नव्हतं हे उघड आहे. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं, की साहेब, १७ ला वसुबारस आहे. त्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकात दिवाळी अंकांचे गठ्ठे उतरलेले असतात, पत्रिकावाल्यांकडे तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांची प्रूफं अडकलेली असतात आणि तापकीर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, कारण अख्खं पुणं दिव्यांच्या माळा घ्यायला आलेलं असतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगासुद्धा त्या आठवड्यात कॉम्प्युटर दुरुस्त करत नाही. गळ्यात माळांचे वेढे घालून तो काउंटरवर उभा असतो आणि ‘वॉर्म व्हाइट की मल्टी?’ हा एकच तांत्रिक प्रश्न विचारतो.

बुधवार पेठेत काम आहे म्हटलं की काही लोक उगाचच भुवया उंचावतात. त्यांचा प्रिंटर कधी बिघडलेला नसतो. ज्यांचा बिघडलेला असतो त्यांना ही पेठ वेगळीच दिसते. एका टोकाला अप्पा बळवंत चौक. तिथे पुस्तकं, पत्रिका, लेटरहेडं, बिलबुकं आणि हे सगळं मॅटर सेट करून देणारी डीटीपीची बारकी दुकानं. दुसऱ्या टोकाला तापकीर गल्ली. तिथे वायरींची भेंडोळी, स्विच, स्पीकर, कॅमेरे, आणि अरुंद जिना चढून वर गेलात की उघड्या पडलेल्या कॉम्प्युटरांच्या गराड्यात बसलेली पोरं. पेठेची एक बाजू कॉम्प्युटर बिघडवते, दुसरी दुरुस्त करते. मधलं अंतर फार नाही, पण स्कूटरच्या पायाशी जुन्या पडद्यात गुंडाळलेला सीपीयू असेल तर ते बरंच वाढतं. (सीपीयू म्हणजे अख्खा डबा. त्याच्या आत जे खरं असतं त्याला पेठेत कोणी सीपीयू म्हणत नाही.) वाटेत तांबडी जोगेश्वरी लागते. जाताना सगळेच हात जोडतात. येताना कोण जोडतो, त्यावरून मशीन झालं की नाही ते कळतं.

तसा या पेठेला अपग्रेडचा अनुभव जुना आहे. औरंगजेबाच्या काळात हिचं नाव मुहियाबाद होतं. पेशवाईत बुधवार झालं. मेट्रोच्या आराखड्यात इथल्या स्थानकाचं नाव बुधवार पेठ होतं. २९ सप्टेंबर २०२४ ला भुयारातून गाडी धावू लागली तेव्हा पाटीवर कसबा पेठ आलं होतं. पण नाव बदललं तरी बोळ तेच राहिले, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. विंडोजचं नेमकं उलट. नाव तेच, पुढचा आकडा तेवढा एकाने वाढतो, आणि बोळ मात्र एका रात्रीत हलवलेले असतात.

चौकाजवळच्या एका बोळात, जिन्याखालच्या जागेत, एक काका डीटीपीचं दुकान चालवतात. पुण्यात जिन्याखाली किती संसार मावतात हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे दोन कॉम्प्युटर, तीन प्रिंटर, एक ऑपरेटर ताई आणि काका मावतात. एक ‘मोठं मशीन’, दुसरं ‘पुढचं मशीन’. मोठं मशीन मागे आहे आणि आकाराने लहान आहे. पण त्यावर पेजमेकर आहे, म्हणून ते मोठं.

पडद्यावर देखभाल संपत असल्याची सूचना आली तेव्हा काकांनी तिचा अर्थ असा काढला, की मंगळवारी रात्री बाराला दोन्ही मशीनं बंद पडणार. हा समज एकट्या काकांचा नव्हता. चौकातल्या निम्म्या दुकानांत त्या रात्री पेनड्राइव्ह फिरत होते. प्रत्यक्षात देखभाल थांबते म्हणजे एवढंच, की यापुढे नवी भोकं सापडली तर ती बुजवायला कंपनीचा माणूस येणार नाही. मशीन चालू राहतं. बुधवारी सकाळी ते नेहमीसारखं सुरू झालं तेव्हा काकांना थोडी निराशाच वाटली असावी. पण एकदा भीती बसली ती बसलीच. दिवाळी झाली, माळा उतरल्या, आणि पुढचं मशीन पडद्यात बसून तापकीर गल्लीकडे निघालं.

“काका, हे बत्तीस बिट आहे,” मुलगा म्हणाला. “वरच्या वर अपग्रेड होत नाही. अकरा नंबर फक्त चौसष्ट बिटमध्ये येतं. फ्रेशच टाकायला लागेल. डेटा घेऊन ठेवलाय ना?”

डेटा घेऊन ठेवलाय ना, हा प्रश्न बुधवार पेठेत दिवसातून असंख्य वेळा विचारला जातो आणि त्याचं उत्तर नेहमी “हो, म्हणजे तसा आहे” असं येतं. याच पेठेतला पेशव्यांचा बुधवार वाडा १८७९ साली जळून गेला. त्याची दुसरी प्रत कुठे नव्हती. त्यानंतर पेठ काही शिकली असेल असं वाटतं. काकांकडे खरंच बॅकअप होता. कपाटात सीड्यांची चळत होती, त्यांवर स्केचपेनने ‘महत्त्वाचे’, ‘फार महत्त्वाचे’ आणि ‘हेच फायनल’ असं लिहिलेलं होतं. सीडी घालायला मात्र दोन्हींपैकी कुठल्याच मशीनला खाच उरली नव्हती.

मशीन अकरा नंबरला पात्र आहे की नाही, ही आणखी एक परीक्षा. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी. काकांना सांगण्यात आलं, की तुमच्यात टीपीएम नाही. ते दुखावले, मशीन त्यांनी बिल घेऊन घेतलेलं होतं. मुलाने बायोसमध्ये जाऊन पीटीटी असं लिहिलेलं काहीतरी चालू केलं आणि टीपीएम प्रकट झालं. ते पहिल्यापासून तिथेच होतं, निजलेलं. अशी कितीतरी मशीनं केवळ एक बटण बंद असल्यामुळे भंगारात गेली असतील, असं मला राहून राहून वाटतं.

मशीन परत आलं, जोडलं, सुरू झालं. इथून खरी गोष्ट सुरू होते. अपग्रेडनंतर फार क्वचित काही खरोखर बिघडतं, असं माझं मत होत चाललं आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत माणूस, मशीन, प्रिंटर आणि फॉन्ट यांच्यात जे न बोलता ठरून गेलेलं असतं, ते नव्या विंडोजला कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच. तिला वाटतं आपण नव्या घरात आलो. घर जुनंच असतं.

पहिली चकमक स्टार्ट बटणाशी झाली. १९९५ पासून हे बटण पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली असायचं (मध्ये विंडोज ८ ने ते काढून पाहिलं आणि बोलणी खाऊन परत ठेवलं). काकांचा हात न बघता तिथे जातो. अकरा नंबरने ते उचलून मध्ये नेलं आणि कोपऱ्यात हवामान ठेवलं. त्यामुळे काकांनी काम सुरू करायला कोपऱ्यात बाण नेला, की पुण्याचं तापमान आणि जगभरच्या बातम्या पडदाभर पसरायच्या. दोन दिवसांत काकांना कुठल्याशा नटीच्या घटस्फोटाची इतकी माहिती झाली, की ती ते गिऱ्हाइकांना सांगू लागले. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. टास्कबारवर उजवं बटण दाबून सेटिंग्जमध्ये जायचं, अलाइनमेंट डावीकडे करायचं, विजेट बंद करायचं. पण उजवं बटण दाबल्यावर जी यादी येते तीही बदललेली आहे. फाइलवर उजवं बटण दाबलं तर ओळखीचे निम्मे पर्याय ‘आणखी दाखवा’च्या आड गेलेले. शिफ्ट दाबून ठेवून उजवं बटण दाबलं, की जुनी यादी समोर येते, हे ताईंना कुणीतरी सांगितलं. त्या दिवसापासून त्यांची करंगळी शिफ्टवरून उठलेली नाही.

मग प्रिंटर. पेठेत याला ‘प्रिंट जात नाही’ असं म्हणतात, आणि या तीन शब्दांत किमान पाच वेगळे आजार असतात.

दुकानात तीन प्रिंटर आहेत. बटर पेपरवर प्रिंट काढायचा लेझर, चलनांसाठी कर्कश डॉटमॅट्रिक्स, आणि तीन इंच रुंद कागदावर पावती काढणारा एक छोटा डबा. कुठलं काम कुठे जायचं हे वर्षानुवर्षं ठरलेलं. नव्या विंडोजची समजूत अशी, की तुम्ही शेवटी जो प्रिंटर वापरलात तोच तुम्हाला प्रिय. सोय म्हणून ती त्यालाच मुख्य प्रिंटर करून टाकते, न विचारता. एका गिऱ्हाइकाने झेरॉक्सचे पैसे दिले, त्याला पावती निघाली; पाठोपाठ ताईंनी लग्नपत्रिकेच्या प्रूफला कमांड दिली. मुलीचे वडील समोर उभे. छोट्या डब्याने घरघर केली आणि गणपतीपासून ‘आहेर आणू नये’पर्यंत सगळी पत्रिका पावतीच्या पट्टीवर काढून, शेवटी फाडायला सोपं जावं म्हणून थोडा रिकामा कागदही सोडला. वडिलांनी ती पट्टी उलगडून शेवटपर्यंत वाचली. “चूक नाही कुठे,” ते म्हणाले, “पण पाहुण्यांना एवढ्या बारीक अक्षरात नको.” प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘मुख्य प्रिंटर विंडोजला ठरवू द्या’ अशा अर्थाचा एक खटका आहे. तो बंद करायचा आणि मुख्य प्रिंटर स्वतः निवडायचा. पत्रिका लांबीने वाढत नाही.

दुसरा आजार रांगेचा. प्रिंट आली नाही तर माणूस काय करतो? पुन्हा कमांड देतो. मग जरा जोरात देतो. मग दुसऱ्या माणसाला बोलावतो आणि तो देतो. मशीन या सगळ्या कमांडी निमूटपणे ओळीने ठेवत असतं. पहिलीच अडकलेली, म्हणून मागच्या सगळ्या थांबलेल्या. सर्व्हिसेसमध्ये जाऊन स्पूलर थांबवायचा, सिस्टिमच्या पोटातला प्रिंटर्स नावाचा फोल्डर रिकामा करायचा, स्पूलर पुन्हा चालू करायचा. खरा उपाय हा. पण तापकीर गल्लीतला मुलगा यायच्या आधीच काकांनी केबल काढून घातली होती, आणि तेवढ्याने रांग सुटली होती. मुलगा जिना उतरून आत आला तेव्हा लेझर पत्रिकांमागून पत्रिका फेकत होता आणि काका दोन्ही हातांनी त्या अडवत होते.

तिसरा आजार दोन मशीनांमधला. लेझर मोठ्या मशीनला जोडलेला, आणि पुढचं मशीन त्याच्याकडे वायरीतून प्रिंट पाठवायचं. सप्टेंबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने छपाईतल्या सुरक्षेचं एक मोठं भगदाड बुजवताना असा बंदोबस्त केला, की जगभरच्या कचेऱ्यांत शेअर केलेले प्रिंटर आपापल्या मशीनांना ओळखेनासे झाले. दोन्हीकडची विंडोज सारख्या ताजेपणाची नसेल तर त्यातून येणारी एरर आजही भेटते. काकांनी ती फोनवर वाचून दाखवली: “शून्य, एक्स, मग पुष्कळ शून्यं, आणि शेवटी अकरा बी.”

“अकरा बी ना? कळलं काका.”

काकांना वाटलं, मुलाने आपली थट्टा केली. एखाद्या वर्गाची तुकडी सांगावी तसं काय? पण पेठेत ही एरर त्याच नावाने चालते. मोठ्या मशीनला राहिलेले अपडेट दिल्यावर दोघांची बोलणी सुरू झाली.

चौथा आजार खऱ्याखुऱ्या ड्रायव्हरचा. बत्तीस बिटच्या विंडोजचा ड्रायव्हर चौसष्ट बिटवर चालत नाही, आणि जुन्या प्रिंटरच्या कंपनीने नवा काढलेला असेलच असं नाही. त्यामुळे “काका, ड्रायव्हरचा इश्यू आहे” हे वाक्य दहातल्या काही वेळा खरं असतं. उरलेल्या वेळी ते, मला अजून कळलेलं नाही पण मी बघतोय, या अर्थाने वापरलं जातं. डॉक्टर ‘व्हायरल’ म्हणतात ना, तसं. पाचवा आजार म्हणजे प्रिंटरचं बटण बंद असणं. तो सगळ्यात शेवटी तपासला जातो, कारण विचारणाऱ्याला विचारायला अवघड वाटतं आणि ऐकणाऱ्याला राग येतो.

आता फॉन्ट. इथे जरा थांबायला हवं, कारण मराठी माणसाच्या अपग्रेडमधलं खरं दुखणं हे आहे आणि त्याची मुळं पुण्यातच आहेत. कॉम्प्युटरला मराठी शिकवण्याचं पुष्कळसं काम याच शहरात झालं. १९८८ साली सीडॅक इथे सुरू झालं. श्रीलिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेकही इथलीच. तेव्हा विंडोजला देवनागरी कळत नव्हती. मग या लोकांनी युक्ती केली: इंग्रजीतल्या आणि युरोपातल्या अक्षरांच्या जागी आपली अक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, अर्धे तुकडे बसवले. मशीनला वाटायचं आपण परदेशी काहीतरी छापतोय. कागदावर मात्र सत्यनारायणाचं आमंत्रण उमटायचं. पुढे युनिकोड आलं. त्यात देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० पासून ती विंडोजमध्ये नीट लिहिता येते, आणि त्यासाठीचा मंगल हा टंक र. कृ. जोशींनी केलेला. म्हणजे प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. फक्त पेजमेकरला युनिकोड कळत नाही. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पत्रिकांची, अहवालांची, स्तोत्रांच्या पुस्तिकांची आजवरची पुष्कळशी संपत्ती पेजमेकरच्या फाइलींत आहे.

तर ताईंनी पुढच्या मशीनवरही पेजमेकर घालून पत्रिकेची फाइल उघडली. वर दोन दंडांच्या मध्ये गजानन प्रसन्न असायचे, तिथे टोप्या घातलेले ए, डोक्यावर दोन टिंबं मिरवणारे यू आणि एक पौंडाचं चिन्ह बसलेलं. वधूच्या आजोबांच्या नावात एक प्रश्नचिन्ह उलटं उभं होतं. पेठेत याला ‘फॉन्ट उडाला’ म्हणतात. तो उडालेला नव्हता. फ्रेश विंडोजवर तो घातलाच नव्हता. ताईंनी सगळे फॉन्ट आणून घातले. वर्डमध्ये दिसले. पेजमेकरमध्ये दिसेनात. पुन्हा घातले, मशीन बंद करून सुरू केलं, तेच.

यातली मेख शोधायला मुलाला बराच वेळ लागला, आणि ती सापडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी परीक्षेत पहिल्या आलेल्यांच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही. काही वर्षांपूर्वी विंडोज १० च्या एका अपडेटपासून फॉन्टवर डबल क्लिक करून तो घातला, की तो फक्त त्या वापरणाऱ्याच्या खासगी कप्प्यात जातो. पूर्वीसारखा विंडोजच्या सार्वजनिक फॉन्टखोलीत जात नाही. नव्या प्रोग्रॅमांना तो कप्पा माहीत असतो. पेजमेकर जुन्या वळणाचा, तो दुसऱ्याच्या कप्प्यात डोकावत नाही. फॉन्टवर उजवं बटण दाबून ‘सर्वांसाठी घाला’ हा पर्याय निवडायचा. झालं. गजानन पुन्हा प्रसन्न.

याच सुमारास एका भाच्याने सुचवलं, की मॅटर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून टाका, कायमची कटकट जाईल. कन्व्हर्टरमधून पत्रिका बाहेर आली ती मी स्वतः पाहिली. रफार पुढच्या अक्षरावर सरकले होते. ‘आशीर्वाद’चा ‘आशीवार्द’ झाला होता आणि वरपिता श्री. कुलकर्णी हे ‘कुलकणर्ी’ झाले होते. पुण्यात कुलकर्ण्यांचं असं काही करून तुम्ही दुकान चालवू शकत नाही. कन्व्हर्टर आता पुष्कळ सुधारलेत, हे खरं. पण त्यांच्यावर भिस्त ठेवून पाचशे पत्रिका छापण्याइतका विश्वास पेठेने अजून कोणावरच टाकलेला नाही.

आणि कळफलक. याबद्दल मात्र मला खरंच राग येतो. ताईंची बोटं टाइपरायटरच्या वळणाची. विंडोजमध्ये ‘मराठी’ निवडलं की मिळतो इनस्क्रिप्ट, आणि मे २०१९ च्या अपडेटपासून उच्चारानुसार टंकनाची सोयही आहे. दोन्ही चांगल्या. पण वीस वर्षं न बघता भरभर चालणारी बोटं अचानक एका सकाळी ‘क’ मागतात आणि त्यांना भलतंच अक्षर मिळतं. लोक म्हणतात, ताई हळू झाल्या. ताई हळू झाल्या नाहीत. त्यांच्या बोटांखालची अक्षरं कोणीतरी हलवली. टाइपरायटरच्या वळणाचा कळफलक वेगळा घालावा लागतो, तो मुलाने घालून दिला, पण त्याआधीचे दोन आठवडे त्यांनी एकेक अक्षर शोधत काढले आणि त्या दोन आठवड्यांचे कोणी पैसे दिले नाहीत.

बाकीच्या तक्रारी पटापट. डॉसमधला हिशेबाचा जुना प्रोग्रॅम उघडेना: तो सोळा बिटचा, चौसष्ट बिटच्या विंडोजवर त्याला जागाच नाही, डॉसबॉक्समध्ये घालून चालवला. डेस्कटॉपवरच्या फाइली गायब: गायब नव्हत्या, सुरुवातीच्या ‘पुढे, पुढे’मध्ये वनड्राइव्हला हो म्हटलं गेलं होतं आणि त्याने डेस्कटॉप उचलून ढगात नेला होता, पाच जीबीची फुकट जागा भरली म्हणून तो आता पैसे मागत होता. नेट चालेना, प्रत्येक साइट ‘असुरक्षित’: काकांनी केबलवाल्याला फोन करून बरंच ऐकवलं, पण दोष मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा होता. सीपीयू स्कूटरवरून नेताना प्लग निघाला, सेल मेलेला, त्यामुळे घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं, आणि मागच्या सालात उभ्या असलेल्या मशीनला आजची प्रमाणपत्रं खोटी वाटू लागली. सीआर २०३२ नावाचा हा सेल तापकीर गल्लीत चहाच्या पैशांत मिळतो. केबलवाल्याची माफी मागायची राहून गेली आहे.

बंद करण्याचा घोळ तर फारच मजेदार. “काका, रिस्टार्ट केलं का?” “अरे, रोज रात्री बंद करून घरी जातो की!” “बंद नाही हो काका, रिस्टार्ट.” हा संवाद ऐकणाऱ्याला मुलगा उद्धट वाटतो, पण तो बरोबर असतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ दाबलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही. सकाळी लवकर उठता यावं म्हणून सिस्टिमचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर ठेवून ते निजतं. रात्रीची अढी सकाळी तशीच असते. ‘रिस्टार्ट’ केलं तरच सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणजे बंद केलं तर बंद होत नाही आणि पुन्हा सुरू केलं तरच खरं बंद होतं. हे समजावून सांगितल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे कोणी ठरवलं?”

या सगळ्या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या वाड्यातले निवृत्त अभियंते रोज संध्याकाळी येऊन ‘लिनक्स टाका’ असं सांगून जायचे. सीडॅकचीच बॉस लिनक्स आहे, फुकट आहे, आपली आहे. पेजमेकर चालेल का, असं विचारल्यावर ते म्हणायचे, “पेजमेकर सोडा.” स्वतः ते मुलाने दिलेला आयपॅड वापरतात. कुणी म्हणालं, परत दहावर जा. रीतसर वरच्या वर अपग्रेड केलेलं असेल तर पहिल्या दहा दिवसांत मागे फिरता येतं. दहा दिवसांनी परत पाठवण्याचा हिशेब बुधवार पेठेला वेगळा समजावावा लागत नाही. पण इथे फ्रेश टाकलेलं, त्याला परतीची वाट नाही.

महिन्याभराने पुढचं मशीन रुळावर आलं. प्रिंट जाते, फॉन्ट दिसतात, नटीच्या घटस्फोटाचं पुढे काय झालं ते कळत नाही. तेव्हा मुलगा मोठ्या मशीनकडे बघून म्हणाला, “आता हे.” काकांनी त्याला तिथून हात धरून उठवला.

मोठं मशीन सहाव्या पिढीचं, अकराला पात्रच नाही. त्याच्या पॉवर बटणाभोवती गेल्या दसऱ्याचं हळदकुंकू अजून आहे. खंडेनवमीला काका दोन्ही मशीनांची पूजा करतात, आणि एका वर्षी झेंडूची पाकळी पंख्यात गेल्यापासून हार फक्त मॉनिटरला घालतात. या मशीनसाठी मुदतवाढ घ्यायचं ठरलं. घरगुती वापराच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष देऊ केल्या आहेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आणि खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसेही पडत नाहीत. मुदतवाढ ही गोष्ट काकांना एकदम पटली. अडचण एवढीच, की मशीनवरचं खातं अमेरिकेतल्या पुतण्याने कधीतरी सुट्टीत येऊन उघडून दिलं होतं, त्यामुळे ओटीपी त्याच्या फोनवर जाणार. इकडे दुपार, तिकडे मध्यरात्र. काकांनी फोन लावला, पुतण्या दचकून उठला, आधी “घरी सगळे बरे आहेत ना?” विचारलं, मग अंक सांगितले. तोवर ओटीपीची वेळ संपली होती. दुसऱ्यांदा जमलं.

मुलाने कॅलेंडर काढून दाखवलं. “काका, १३ ऑक्टोबर म्हणजे ऐन नवरात्र. तोपर्यंत नवं मशीन घ्या, आत्तापासूनच बघायला लागू.”

काकांनी चष्मा लावून तारखा बघितल्या. दसरा त्यानंतर आठवड्याभराने येत होता. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त जवळ असताना आधी मशीन बदलणं त्यांना शक्य नव्हतं.

“मग मधला आठवडा?” मुलाने विचारलं. “त्या आठवड्यात काही घुसलं म्हणजे?”

“तेवढे दिवस नेटची वायर काढून ठेवू,” काका म्हणाले. “तसंही पेजमेकरला ती लागत नाही.”

मुलाने थोडा विचार केला. त्याला यात काही चूक सापडेना.